एका कानाचा वाघ

शिट्टी मी वाजवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात तानामावशीच्या वाघाची गोष्ट निघाली की सुरुवात माझ्यापासूनच होते. "त्या निक्यानं शिट्टी मारली, अन् मंग..." असं म्हणून सांगणारा सुपारी तोंडात टाकतो आणि ऐकणारे माझ्याकडे बघतात. मी तिथे नसलो तरी बघतात म्हणे.

शिट्टीच्या आधी मी आणखी एक उद्योग करून ठेवला होता. वाघाच्या बंडीला पुंडलिकरावांचे दोन म्हातारे बैल जुंपलेले होते. ते मी सोडले आणि त्यांच्या जागी किसनरावांची शंकरपटाची जोडी जुंपली. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. त्या जोडीनं जन्मात एकच विद्या शिकलेली, शिट्टी झाली की पळायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी आठवलं नाही, एवढंच.

आणि बंडीवरच्या वाघाच्या पोटात, कापडाच्या आड, तानामावशी बसलेली होती. बैल बदलल्याचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आमचं गाव वडनेरच्या अलीकडे, नागपूर-हैदराबाद रस्त्याला चिकटून. रस्त्याच्या एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला कपाशीची वावरं आणि त्यापलीकडे किसनरावांचं पटाचं मैदान. टिपूर, म्हणजे त्रिपुराचा दिवा, आमच्याकडेही जळतं, पण ते कार्तिकातल्या पौर्णिमेला आणि देवासाठी. जनावरांचा मान मार्गशीर्षातल्या अमावस्येला. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघते, कपाशी अर्धी वेचून झालेली, तूर कमरेच्या वर. त्या संध्याकाळी रानातली सगळी जनावरं उजेडाची करून गावात आणायची. ससा, मोर, रानडुक्कर, रोही आणि सगळ्यांत शेवटी वाघ. रोही म्हणजे नीलगाय. आमच्या शेतकऱ्याला वाघापेक्षा तिचाच धाक जास्त, कारण वाघ तूर खात नाही. दारोदारी या जनावरांना हळदीकुंकू लावायचं, मग वाजतगाजत शिवेच्या दगडापर्यंत न्यायचं आणि तिथे दिवे विझवताना म्हणायचं, "पाहुणचार झाला, आता आपल्या घरी जा." म्हणजे वर्षभर ती रानात राहतात, वावरात येत नाहीत. येतात, पण निदान आपण सांगून पाहिलं एवढं समाधान.

नियम एकच. दिवा शिवेवर विझवायचा, त्याआधी नाही. वाटेत विझलेलं जनावर गावातच राहिलं असं धरतात.

आदल्या वर्षी, सत्त्याण्णव साली, तानामावशीचा वाघ पुंडलिकरावांच्या दारातच विझला. कुठंतरी तार निसटली. अंधारात कुणीतरी हसलं, कुणीतरी "अरे अरे" म्हणालं, आणि वाघ तसाच काळा काळा शिवेवर नेऊन ठेवला. पुढे पौषात बिबट्या आला आणि त्यानं गावातल्या बकऱ्या नेल्या. बिबट्या त्याच्याआधीच्या वर्षीही आला होता, पण त्या वर्षी त्याला नाव नव्हतं. आता त्याला नाव मिळालं. तानीचा वाघ.

"तानीचा वाघ आला व रात्री."

"तानीच्या वाघानं शेळी नेली."

तानामावशी बुरूड. सूप, टोपली, परडी हा तिचा धंदा. बायका अंगणात येऊन, मांडी घालून, सूप पाखडून बघून घ्यायच्या. त्या दाराबाहेरूनच बोलायला लागल्या. एक तर लेकराला घेऊन अंगणापुढून जाताना पदर ओढून घ्यायची, जणू वाघ आत पाटावर बसून चहा पितो आहे. मिरवणुकीचा कारभार पुंडलिकरावांकडे. ते भले गृहस्थ, पण त्यांचीही एक बकरी गेलेली. ते तानामावशीला म्हणाले, "तानाबाई, यंदा एक डाव पाहू. यंदा इझला, तं पुढच्या साली वाघ नागपूरवरून आणू. तिकडं तयार भेटते."

"तयार भेटते," एवढंच म्हणून ती घरी आली. आणि ठरवलं की या वर्षी वाघाच्या पोटात स्वतः बसायचं. तार निसटली तर हातानं धरायची.

तानामावशीबद्दल थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर ती पोटात का बसली हे नागपूरच्या माणसाला कळायचं नाही.

तिचं माहेर सिंदी रेल्वेचं. लहानपणी बापाबरोबर बांबू आणायला रानात गेलेली असताना तिनं वाघ बघितला होता. बघितला म्हणजे त्याची पाठ बघितली. वाघ ओढ्याच्या पलीकडे निघून चालला होता आणि त्यानं मागे वळून पाहण्याची तसदी घेतली नाही. त्यामुळे तानामावशीच्या वाघाचा मागचा भाग असा उतरायचा की बघणाऱ्यानं दोन पावलं मागे सरकावं. मांड्या, शेपटीचा बुडखा, चालताना खाली-वर होणारे खांदे, सगळं अगदी जिवंत. तोंडाचं मात्र तिला मनानंच करावं लागे आणि ते दरवर्षी तिच्या सासूवर जाई. तेच गाल, तीच आवळलेली जिवणी, तेच वरून खाली बघणं. सासू वारून बरीच वर्षं झाली होती, पण अमावस्येला मिरवणूक निघाली की जुन्या बाया नकळत डोक्यावर पदर घ्यायच्या. तानामावशीला कुणी हे बोललं की ती म्हणायची, "काहीतरीच बोलता. बुढीले मिशा कुठं होत्या?"

बांबूच्या कामट्या भिजवून वाकवायच्या, सुतळीनं बांधायच्या, त्यावर जुनी धोतरं ताणून ज्वारीच्या पिठाची खळ द्यायची, मग पिवळा रंग आणि काजळीचे पट्टे. आधी आत पणत्या असायच्या. एका वर्षी मोर पेटला, तेव्हापासून बॅटरी आली. ती आमच्या दुकानातून. माझ्या बाबांचं रस्त्याला लागून बॅटरी चार्जिंगचं आणि ट्रकचे दिवे दुरुस्त करायचं दुकान. ट्रकच्या इंडिकेटरचे पिवळे बल्ब वाघाच्या पोटात फार शोभतात. डोळ्यांना मागचे लाल दिवे. तारा जोडायचं काम माझं. म्हणजे आदल्या वर्षी निसटलेली तार कुणी जोडली होती, हा प्रश्न गावानं कधी विचारला नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.

बैल वाघाला भिऊ नयेत म्हणून तिची स्वतःची एक रीत होती. अमावस्येच्या आधी पंधरा-वीस दिवस ती रोज सांजेला पुंडलिकरावांच्या गोठ्यात जायची, वाघाचं नुसतं तोंड घेऊन. आत एक बल्ब लावायची आणि त्या उजेडात बैलांना सरकीची ढेप चारायची. आधी दुरून, मग जवळून, शेवटी वाघाच्या जबड्यातूनच. अमावस्येपर्यंत त्या बैलांचं असं ठाम मत होई की वाघ नावाचं जनावर ढेप वाटत फिरतं.

त्या बैलांपैकी एकाचं शिंग मोडलेलं होतं. दुसरा उभ्या उभ्या झोपायचा. आणि अठ्ठ्याण्णव साली हिंगणघाटच्या एका साप्ताहिकाचा फोटोवाला आमची मिरवणूक टिपायला येणार होता. मीच त्याला गाठून बोलावलं होतं. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, रोज एस.टी.नं हिंगणघाटला जाऊन येऊन. दहावीपर्यंत वडनेरला शिकलेल्या पोराला हिंगणघाटचं वारं लागलं की त्याला गाव सुधारावंसं वाटतं. मोडक्या शिंगाचा बैल पेपरात? माझ्या मनाला पटेना.

किसनरावांना विचारलं तर ते आधीच तयार. त्यांची जोडी पांढरीशुभ्र, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा. "पेपरात माह्यं नाव येईन ना बे?" एवढंच त्यांनी विचारलं. पुंडलिकराव देवळात नारळ फोडत होते. तानामावशी केव्हाच पोटात जाऊन बसली होती. बंडी हाकायला तिचा नवरा लहानू. लहानूकाका जुवाजवळ बसून होते. त्यांनी सगळी अदलाबदल पाहिली. पण त्यांना काही बोलायचं झालं तर आधी दोन दिवस विचार लागतो.

"काका, खाली उतरा," मी म्हटलं. "फोटोत तुमचं डोकं वाघाच्या मधात येऊन राह्यलं."

ते उतरले. कासरा बंडीच्या दांडीला बांधला आणि मागे जाऊन वाघाची शेपटी धरून उभे राहिले. शेपटी लोळू नये म्हणून ती कुणीतरी धरायचीच असते.

ठरलं असं होतं की शिट्टी झाली की तानामावशीनं आतून तार जोडायची आणि वाघ उजळायचा. शिट्टी माझ्याकडे.

मी वाजवली.

एकाच क्षणी दोन गोष्टी झाल्या. बैलांच्या पाठीमागे सासूचं तोंड लाल डोळ्यांनी पेटलं, आणि बैलांना शिट्टी ऐकू आली. पुढचं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. घुंगरांचा एकच कल्लोळ उठला, बंडी एका चाकावर झाली, परत दोन्ही चाकांवर आली, ससा आणि मोर डोक्यावर घेतलेल्या बाया दोन्हीकडे पांगल्या, आणि वाघ देवळापुढून निघाला. लहानूकाकांच्या हातात शेपटी तेवढी उरली.

"अरे तानी!" ते म्हणाले. लहानूकाकांना विचार न करता बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बैलांना मैदान माहीत होतं. मैदान रस्त्यापलीकडे. आणि रस्ता म्हणजे रात्रंदिवस ट्रक वाहणारा रस्ता.

किसनराव आधी धावले. "हो हो हो हो!" करत, हात वर करून, जीव तोडून ओरडत. त्यांचा तो आवाज त्या बैलांनी आजवर एकाच कामासाठी ऐकलेला होता. बैल आणखी पळाले.

"किसनराव, तोंड बंद ठेवा!" पुंडलिकराव देवळाच्या पायरीवरून ओरडले.

मी बंडीमागे धावलो. पांदणीच्या, म्हणजे वावरांमधल्या गाडीवाटेच्या, अंधारात पुढे ते पिवळं धूड उसळत होतं. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, आणि मागून बघताना तो खरंच तानामावशीनं लहानपणी पाहिलेला वाघ होता. निघून चाललेला, मागे न बघणारा. फक्त आत माणूस होतं. आतून आवाज येत होता की घुंगरांचाच होता ते कळत नव्हतं.

"मावशी, लाइट बंद कर!" मी ओरडलो. "उजेडाले भेऊन पळून राह्यले बैल! तार सोड!"

मागून आणखी दहाजण तेच ओरडायला लागले. तार सोड, तानाबाई, तार सोड.

तार सोडणं काहीच अवघड नव्हतं. खाचखळग्यात तारेचा चिमटा केव्हाच निसटलेला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून ती दोन्ही हातांनी तार बॅटरीवर दाबून बसली होती. बंडीचा काठ धरायलाही तिच्याकडे हात नव्हता. हात उचलला की वाघ विझला असता. वाघ विझत नव्हता.

मला राग आला. खरं सांगतो, भीतीपेक्षा राग जास्त. म्हटलं ही बाई नावासाठी मरते आहे. तानीचा वाघ वाटेत विझला असं परत कुणी म्हणू नये म्हणून ती ट्रकखाली जाणार आणि ते माझ्या शिट्टीमुळे. पांदण पुढे जाऊन रस्त्याकडे वळते. मी वळणाची वाट न बघता तुरीत घुसलो, आडवा कापत. तुरीच्या काड्या तोंडावर सपासप बसत होत्या. वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, रस्त्यावर चढलो तेव्हा छाती फुटायची बाकी होती.

डावीकडून, हैदराबादच्या बाजूनं, दोन दिवे येत होते. मोठे, उंच. त्यामागे आणखी दोन.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून मफलर हलवायला लागलो. मफलर काळा होता. अमावस्येच्या अंधारात काळा मफलर हलवणाऱ्या माणसाला बी.कॉम.चं दुसरं वर्ष काही उपयोगी पडत नाही. ट्रक काही हळू होईना. पांदणीतून घुंगरं जवळ आली. बाभळीच्या फांद्या मोडल्याचा आवाज झाला आणि फांद्यांतून वाघ बाहेर आला.

मी बाजूला उडी मारली. पहिल्या ट्रकवाल्याला मी दिसलोच नव्हतो. वाघ मात्र दिसला. न दिसायला काय झालं! बंडीएवढा पिवळाधमक वाघ, लाल डोळ्यांचा, रस्त्याच्या कडेतून उसळत निघालेला. ब्रेक असे किंचाळले की माझ्या दातांत कळ गेली. ट्रक तिरपा झाला, धूळ उडाली, आणि बैल, बंडी, वाघ, सगळं त्याच्या तोंडापुढून पार झालं. मधे किती जागा उरली हे मी कधी कुणाला सांगत नाही. दरवर्षी माझ्याच तोंडून ती कमी व्हायला लागली म्हणून सांगणं सोडलं.

मागचा ट्रकही थांबला. पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. धिप्पाड माणूस.

"भाईसाब, वो क्या था?"

"शेर."

"शेर तो दिखा. पर किसका है?"

"हमारे गाव का. अंदर औरत बैठी है."

तो तिथेच रस्त्यावर खाली बसला.

मी मैदानाकडे धावलो. मैदान शांत होतं. शर्यत जिथे संपते तिथल्या खांबाजवळ ती जोडी उभी होती, तोंडाला फेस, पोटं भात्यासारखी. रोज पळून झालं की किसनराव तिथेच त्यांना ढेप देत. म्हणून ते थांबले होते, आणि आता ढेप कुठे आहे म्हणून इकडेतिकडे बघत होते. मागे वाघ तसाच पेटलेला. डावा कान बाभळीत तुटून गेलेला, पोटाचं कापड एका ठिकाणी फाटलेलं. आतून काही हालचाल नाही.

मला जवळ जाववेना.

"मावशी?" मी लांबूनच म्हटलं.

मी दोन पावलं पुढे झालो.

"तानामावशी?"

मग पोटातून आवाज आला. "कोनाचे बैल हायेत हे?"

मी बैलांच्या घुंगरमाळांकडे बघत राहिलो.

"पुंडलिकरावचे बैल तं जन्मात एवढे नाई पळाले. कोनाचे हायेत म्हून इचारून राह्यली, निकेश."

पोट्ट्या नाही, बाबू नाही, पूर्ण नाव. मी म्हटलं, "किसनरावचे."

"काऊन?"

"फोटोसाठी."

आतून ती म्हणाली, "पहिले बैल धर. मंग तुले पाह्यतो."

फाटलेल्या कापडातून मला तिचे हात दिसले. तारेच्या टोकाला दाबून धरलेले, बोटं काळी पडलेली, ठिणग्यांनी जागोजागी भाजलेली.

"मावशी, सोड ना आता. झालं. वाचली तू."

"शीव आली का?"

"नाई."

"मंग कायची सोडू?"

आता मात्र नवीच भानगड दिसायला लागली. वाघ पिवळा राहिला नव्हता. बल्बांचा उजेड नारिंगी झाला होता. बॅटरी आपटून आपटून बसत चालली होती. पलीकडच्या शिवेचा दगड मैदानाच्याही पुढे, दोन वावरं ओलांडून.

तेवढ्यात रस्ता ओलांडून गाव आलं. पुढे किसनराव, मागे पुंडलिकराव, शेपटी खांद्यावर घेतलेले लहानूकाका आणि कंदील घेतलेली सगळी मंडळी. तानामावशी जिवंत आहे हे कळल्याबरोबर जे व्हायचं तेच झालं. वाद सुरू झाला. आपला दगड पूर्वेचा. वाघ पूर्वेलाच न्यायची रीत आहे. बंडी वळवा.

"वळवाले येळ कुठं हाय?" मी म्हटलं. "बॅटरी जाऊन राह्यली."

"तू तं बोलूच नको बे!" हे पाच-सहा जणांनी एकदम म्हटलं.

पुंडलिकरावांनी वाघाकडे बघितलं. नारिंगी उजेडात ते सासूचं तोंड त्यांच्याकडे वरून खाली बघत होतं. "शीव ते शीव," ते म्हणाले. "गावाले चारी बाजूनं असते. चाला."

पटाच्या बैलांना चालता येत नाही. त्यांना एक तर उभं राहता येतं नाहीतर पळता येतं. एका बैलाच्या वेसणीला किसनराव लोंबकळले, दुसऱ्याच्या मी. किसनराव खिशातल्या ढेपेचे तुकडे दाखवत उलटे चालत होते. डफडं वाजवणारा आला होता, पण वाजवायची त्याची हिंमत झाली नाही. धसकटं मोडल्याचा आवाज, घुंगरं, आणि मधूनच पोटातून,

"आली का?"

"येऊन राह्यली, मावशी."

नारिंगी उजेड लाल झाला. पट्टे दिसेनासे झाले. मग नुसती आतली कामट्यांची बरगडी दिसायला लागली, चुलीतल्या निखाऱ्यासारखी. बाया कंदील मागे घ्यायला लागल्या, कारण कंदिलाच्या उजेडात वाघ विझलेला वाटायचा. कुणी न सांगता एकेक कंदील पदराआड गेला. वर्षभर तिच्या अंगणात पाऊल न टाकणाऱ्या त्या बाया. मी वळून बघितलं तर मागे सगळा अंधार आणि त्या अंधारात जेमतेम एवढासा लाल वाघ.

"आली का रे बाबू?"

खोटं बोलावंसं वाटलं. दगड समोर होता, पण अजून लांब. आली म्हटलं असतं तर तिनं तार सोडली असती आणि तिच्या भाजलेल्या हातांची सुटका झाली असती.

"नाई, मावशी. थोडी बाकी हाय."

"मंग चाल ना भराभर. बैलं तं मोठे पळणारे आणले!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

बैलाचा खूर दगडाला लागला तेव्हा मी म्हटलं, "आली."

पोटात हालचाल झाली. तिनं घसा साफ केला. आवाज थकलेला, पण शब्द न चुकता म्हणाली, "पाहुणचार झाला. आता आपल्या घरी जा." आणि हात उचलले.

वाघ विझला नाही. विझवला. हा फरक त्या रात्री शिवेवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळला. पुंडलिकराव पुढे झाले, त्यांनी अंधारातच वाघाच्या कपाळाला हळद लावली आणि म्हणाले, "तानाबाई, नागपूरचं राहू द्या आता."

लहानूकाकांनी तिला पोटातून उतरवून घेतलं. खाली उतरताच तिनं शेपटी हिसकून घेतली आणि त्याच शेपटीनं मला दोन हाणल्या.

नंतर मी तिला एकदा विचारलं. "मावशी, सारे ओरडून राह्यले होते. तेव्हाच तार काऊन नाई सोडली?"

"कायले सोडू?" ती कामटी तासता तासता म्हणाली. "इझवला असता तं ट्रकवाल्याले काय दिसलं असतं? बंडीले मागं-पुढं लाइट रायते काय? बैलं तं सुटलेच होते, ते अंधारातबी थांबले नसते. उजेडात निदान त्यानं ब्रेक तं मारला." मग कामटी उलटी फिरवून, "अन् खोटं कायले बोलू, नावाचंबी होतंच मनात."

पौषात बिबट्या आला. येणारच. किसनरावांची बकरी गेली. पण तानीचा वाघ असं कुणी म्हटलं नाही. निक्यानं वाघ भलत्याच रस्त्यानं नेला, त्याला घरचा रस्ता सापडला नाही, असं ठरलं. माझं काही म्हणणं नाही. संक्रांतीला मी मावशीच्या अंगणापुढून जात होतो, तर आत चार-पाच बाया मांडी घालून सुपं पाखडत बसलेल्या. मला बघून एकीनं लेकराला जवळ ओढलं.

फोटोवालाही आला होता. उशिरा. मिरवणूक गेलेली, देवळापुढे कुणीच नाही. फक्त पुंडलिकरावांचे दोन बैल सोडल्या जागी उभे. त्यानं त्यांचाच फोटो काढला. मोडक्या शिंगाचा बैल पेपरात आला. दुसरा झोपलेला आहे.

राहता राहिला कान. तो मी दुसऱ्या दिवशी बाभळीपुढच्या रस्त्यावर शोधला. ट्रकच्या चाकाखाली पार चपटा झालेला. तानामावशीनं तो हातात घेऊन बघितला आणि मला परत दिला.

"हा तुह्याकडं बाकी राह्यला. पुढच्या साली तूच करजो."

एक कान करायला काय लागतं, असं मला वाटलं होतं. पहिल्या वर्षी केलेला बघून ती म्हणाली, "हा बकरीचा हाय." दुसऱ्या वर्षीचा पुंडलिकरावांचा निघाला. एकदा चांगला साधला म्हणून धावत नेला, तर तिनं त्यात गव्हाचे चार दाणे टाकून पाखडून दाखवलं. "सूप बरं जमते तुले." ती दुसरा कान करत नाही आणि माझा लावून घेत नाही. वाघ दरवर्षी एका कानानं निघतो, पुंडलिकरावांच्याच गोठ्यातल्या बैलांनी ओढलेला, आणि शिवेवर विझवला जातो. शिट्टी आता लहानूकाकांकडे असते.

मी सध्या हिंगणघाटला एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. मार्गशीर्ष लागला की कामट्या वाकवायला बसतो. मागच्या अमावस्येला कान घेऊन गेलो तेव्हा मावशी वाघाच्या तोंडाला खळ देत होती. तिची मान आता जरा हलते. मी वाघाकडे बघितलं, मग तिच्याकडे, परत वाघाकडे. सासू त्यात उरलेली नव्हती. गाल मावशीसारखेच उतरलेले, जिवणी एका बाजूला जराशी हसल्यासारखी, आणि बघणं समोरून, सरळ.

"काऊन पाहून राह्यला रे?"

"काही नाई," मी म्हटलं. तिला हे सांगायची माझी छाती झाली नाही. एक कान आधीच बाकी आहे.